उंदरीण पिल्लं खाते तेव्हा : सापांच्या खाद्यासाठी उंदीर वाढवताना

"रात्री दहा पिल्लं होती, सकाळी सहाच उरली. बाकीची आईने खाल्ली. आता या मादीचं काय करू?"

हा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी उलट चार प्रश्न विचारतो. बाटलीतून पाणी खरंच येत होतं का? रात्रीत झाकण किती वेळा उघडलं? नर लावला तेव्हा मादीचं वजन किती होतं? आणि ती व्याली तेव्हा नर कुठे होता? "वजन नाही केलं", "नर आतच होता", "झाकण ना, मुलांना पिल्लं बघायची होती..." बहुतेक वेळा मादीवरचा खटला इथेच निकालात निघतो. खरोखर वाईट आया असतात, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण आधी आपलं घर तपासायचं.

हे सगळं बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप पाळणाऱ्यांसाठी आहे. उंदीर म्हणजे इथे मोठा उंदीर (रॅट), छोटा माउस नव्हे. धामण, नाग, अजगर घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. तुमच्याकडे एक-दोनच साप असतील तर पैदास करू नका. मोठा बॉल पायथन आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर खातो. एका मादीच्या एका वेतात आठ ते बारा पिल्लं होतात. पहिल्या तीन महिन्यांतच घरात उंदीर जास्त आणि साप कमी होतील. तयार गोठवलेले उंदीर विकत घ्या, सुखात राहा.

१. आधी जागा, मग जनावर

घरात फिरणारे किंवा सापळ्यात सापडलेले उंदीर पैदाशीला घेऊ नका. त्यांच्या पोटात विष गेलेलं असू शकतं, मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि रानटी मादी माणसाच्या हाताखाली नीट वितही नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेली, प्रयोगशाळेच्या वाणाची पांढरी किंवा ठिपक्यांची जनावरंच घ्या.

प्रत्येक बाळंतिणीला स्वतंत्र टब हवा. तळ साधारण ४५ × ३० सेंमी, उंची निदान २० सेंमी, वर अर्धा इंची वेल्ड मेश जाळीचं घट्ट झाकण. तळाला जाळी नको. साफसफाई सोपी होते म्हणून काही जण तळाशीही जाळी बसवतात, मग पिल्लांचे पाय त्यात अडकतात आणि मोठ्यांच्या तळपायांना जखमा होतात.

अंथरायला भाताचं कोरडं तूस चांगलं आणि स्वस्त. लाकडाचा भुसा चालतो, पण सुताराच्या दुकानातून पोतं उचलून आणू नका. त्यात प्लायवूड आणि एमडीएफची पूड असते. उग्र वासाच्या लाकडाचा भुसाही नको. पावसाळ्यात तूस दमट होऊन बुरशी धरतं, म्हणून पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी वाळवून घ्या.

खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिनं हवीत. प्रयोगशाळेच्या उंदरांसाठीच्या गोळ्या मिळाल्या तर उत्तम. नुसती पोळी, भात आणि बाजरीचे दाणे यांवर मादी जगते, पण दहा पिल्लांना दूध पुरवू शकत नाही.

आता मुंग्या. परदेशी पुस्तकांत हा मुद्दा सापडत नाही, आपल्याकडे मात्र नवजात पिल्लं मुंग्यांनी मारल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा आळ आईवर आला होता. मांडणीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवा. आजीच्या जाळीच्या कपाटाची तीच जुनी युक्ती.

*तपासणी :* टबाच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. मुताचा उग्र वास नाकात झोंबला, तर तो आतल्या जनावरांना चोवीस तास झोंबतो आहे. फुप्फुसांचे आजार तिथून सुरू होतात. आजारी मादीला नर लावायचा नाही.

२. कोणत्या मादीला नर लावायचा

उंदरीण पाच-सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते. राहू शकते म्हणून लावायची नसते. साडेतीन-चार महिने वय आणि २५० ग्रॅमच्या आसपास वजन, दोन्ही जुळल्याशिवाय मी नर लावत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणि एक प्लास्टिकचा डबा एवढ्यावर काम होतं. अंदाजाने "मोठी दिसतेय" म्हणून लावलेल्या १७० ग्रॅमच्या पहिलटकरणी हे पिल्लं खाल्ल्याच्या तक्रारींमागचं नेहमीचं कारण आहे. स्वतःचं अंग अजून भरायचं असताना ती दूध कुठून आणणार?

दुसरा निकष स्वभाव. हात आत घातल्यावर जवळ येऊन हुंगणारी मादी घ्या. कोपऱ्यात दबून दात दाखवणारी बाळंतपणात आणखी बिथरते. तिसरा निकष, मिळाली तर माहिती : तिच्या आईने किती पिल्लं वाढवली? चांगल्या आईच्या मुली निवडत गेलात तर दोन वर्षांत निम्म्या तक्रारी आपोआप संपतात.

३. नर लावणं, आणि वेळेवर काढणं

मादी नराच्या टबात न्यायची, नर मादीच्या टबात नाही. दर चार-पाच दिवसांनी ती माजावर येते, त्यामुळे दहा दिवस एकत्र ठेवलं की दोन पाळ्या मिळतात. एका नराबरोबर दोन-तीन माद्या चालतात.

माझा इथे एकच हट्ट आहे : एका वेळी एकच मादी कधीही गाभण ठेवू नका. निदान दोन, जमल्यास तीन माद्यांना एकाच दिवशी नर लावा. एकीचं दूध आटलं, एक मेली, एकीने पिल्लं टाकली, तर दुसरीच्या कुशीत घालता येतात. पुढच्या सगळ्या अडचणींवरचा हा एकमेव भरवशाचा उपाय आहे, आणि तो आत्ताच करून ठेवावा लागतो, अडचण आल्यावर नाही.

गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा. नेमका मेळ कधी झाला ते दिसलं नसेल तर नर लावल्याच्या २१ व्या दिवसापासून ३३ व्या दिवसापर्यंत ती कधीही विते. चौदाव्या दिवसाच्या सुमारास पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसू लागतं. नर लावल्याच्या सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत मादी तिच्या स्वतंत्र टबात गेलेली असली पाहिजे.

*इशारा :* व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत उंदरीण पुन्हा माजावर येते. नर आत असेल तर ती त्याच दिवशी पुन्हा गाभण. एकीकडे दहा पिल्लांचं दूध आणि दुसरीकडे पोटातली दहा. असं दोन वेतं करून घेतलेली मादी हाडं-कातडं होते, आणि तिसऱ्या वेताला "आई बिघडली" म्हणून फोन येतो. अशी चुकून गाभण राहिलीच, तर तारीख उलटली म्हणून घाबरू नका. दूध पाजताना राहिलेला गर्भ उशिरा रुजतो, त्यामुळे वीण काही दिवस लांबते.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. खोली ३० अंशांच्या वर गेली की मादी पिल्लांवर बसेनाशी होते आणि नरांचीही ताकद घटते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये पैदास बंदच ठेवावी. फेब्रुवारीच्या मध्यावर लावलेल्या मादीची पिल्लं मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला दुधावरून सुटतात. ती हंगामाची शेवटची फेरी समजा. कूलर लावत असाल तर झोत थेट टबावर नको.

४. बाळंतिणीचा टब

सतराव्या-अठराव्या दिवशी टब पूर्ण धुऊन, वाळवून, चार-पाच सेंमी कोरडं तूस घाला. त्यानंतर पिल्लं आठवड्याची होईपर्यंत पूर्ण सफाई नाही. ओला कोपरा तेवढा चमच्याने काढायचा.

घरटं बांधायला साहित्य द्या : पांढऱ्या टिशू पेपरच्या पट्ट्या किंवा कोरडं मऊ गवत. कापडाचे दोरे नकोत, पिल्लांच्या पायांना आवळतात. ती लगेच पट्ट्या ओढत कोपऱ्यात नेऊ लागली की समजा, मन ठिकाणावर आहे. साहित्य तसंच पसरलेलं राहिलं तर त्या मादीवर लक्ष ठेवा.

पाण्याच्या दोन बाटल्या लावा. एक नव्हे, दोन. माझ्याकडची सगळ्यात चांगली मादी, चार वेतं नीट वाढवलेली, पाचव्या वेताला एका रात्रीत सात पिल्लं संपवून बसली. मी तिला आठवडाभर दोष देत होतो. मग बाटली धुताना कळलं की नळीच्या टोकातली, पाणी सोडणारी गोळी अडकली होती. बाटली भरलेली दिसत होती, थेंबही येत नव्हता.

*तपासणी, रोज :* बोटाने नळीची गोळी दाबा. थेंब आला पाहिजे. भरलेली बाटली हा पुरावा नव्हे.

टब शांत, अंधाऱ्या जागी. वॉशिंग मशीनच्या शेजारी नाही, टीव्हीच्या खाली नाही, आणि सापाच्या टाकीसमोर तर मुळीच नाही. दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात विणी येणार नाहीत असं वेळापत्रक आखा. गणपतीत मंडळाचा मांडव खिडकीखाली असेल तर तेही दिवस टाळा. बाप्पाच्या वाहनाने मिरवणूक सोसली असेल, बाळंतिणीला ढोल सोसत नाही.

५. पहिले चोवीस तास

वीण बहुधा तास-दोन तासांत आटोपते. मादी अंग ताणते, मागे वळून चाटते, थोडं रक्त दिसतं. पिल्लामागून येणारी वार ती खाते. तोंडाला रक्त लागलेलं पाहून नवखी माणसं इथेच घाबरतात आणि हात घालतात. घालू नका. मेलेलं जन्मलेलं पिल्लूही ती खाते आणि घरटं स्वच्छ ठेवते. तोही दोष नाही.

*इशारा :* रक्त जातंय, कळा दिसताहेत आणि दोन-तीन तासांत पिल्लू नाही, किंवा एखादं अर्धवट अडकलं आहे, तर घरगुती खटपट न करता पशुवैद्याकडे न्या.

बारा ते चोवीस तासांनी एकच तपासणी करायची. क्रम असा :

१. साबण-अत्तराचा वास हाताला नको. हात त्याच टबातल्या तुसात चोळून घ्या.
२. उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून मादीला दुसऱ्या डब्यात घ्या. ती पिल्लांवर बसलेली असताना ओढून काढू नका.
३. पिल्लं मोजा, मेलेली काढा.
४. प्रत्येकाच्या पोटाची डावी बाजू पाहा. पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. पट्टा असेल तर आई पाजते आहे.
५. दोन मिनिटांत मादी परत. मग तीन दिवस झाकण फक्त खाद्य-पाण्यापुरतं उघडायचं.

"माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते" हे माणसाळलेल्या उंदरांबाबत खरं नाही. हाताच्या वासाने नाही, वारंवारच्या उघडझापीने ती बिथरते.

६. अडचणीची आई

आधी पाहा पिल्लं *कशी* नाहीशी होताहेत. रोज एक-दोन कमी होताहेत आणि उरलेल्यांच्या पोटात पट्टा फिका किंवा नाही : ही दुधाची अडचण आहे. पिल्लं आधी मरताहेत, आई नंतर साफ करते आहे. एका रात्रीत धडधाकट, दूध प्यालेली पिल्लं फाडलेली सापडली : हा भेदरल्याचा किंवा पहिलटकरणीच्या गोंधळाचा प्रकार. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि लोक इथेच गल्लत करतात. दूध नसलेल्या आईला "शांतता हवी" म्हणून तीन दिवस झाकून ठेवतात आणि अख्खं वेत घालवतात.

दूध नाही. क्रमाने तपासा : पाणी, खाद्य, मग सड. उंदरिणीला बारा सड असतात. एखादी गाठ कडक, लाल, गरम लागली तर स्तनदाह आहे. पिल्लं काढा, मादीला पशुवैद्याकडे न्या. सड ठीक असतील तर उकडलेलं अंडं, भिजवलेल्या गोळ्या आणि भरपूर पाणी द्या. पाजणारी मादी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते, तेव्हा मोजून खाद्य टाकू नका. पण चोवीस तासांनीही पट्टा नसेल तर वाट पाहत बसू नका, पिल्लं दुसरीकडे हलवा.

दुसरीच्या कुशीत घालणं. उंदरिणी या बाबतीत फार उदार. दोन वेतांत तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि एकूण पिल्लं बाराच्या वर नकोत.

१. अनाथ पिल्लं आधी ओंजळीत ऊब येईपर्यंत धरा. गार पडलेल्या पिल्लाकडे मादी ढुंकूनही पाहत नाही.
२. दाईमादीला दुसऱ्या डब्यात काढा.
३. तिच्या घरट्यातल्या पट्ट्यांनी नवी पिल्लं हलकेच पुसा आणि तिच्याच पिल्लांच्या ढिगात *मध्ये* मिसळा, वर ठेवू नका.
४. दहा-पंधरा मिनिटं वास मिसळू द्या, मग मादीला परत सोडा.
५. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा पाहा.

दाईमादी नसेल तर? दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजून इतकी लहान पिल्लं वाचवण्याचा प्रयत्न मी केला आहे. दूध श्वासनळीत जाऊन बहुतेक मरतात. पिल्लं गारठून दिवसभर तडफडण्यापेक्षा त्यांना वेदनारहित मृत्यू देणं बरं, आणि ती रीत पशुवैद्याकडून समोरासमोर शिकून घ्या. जिवंत पिल्लं फ्रीजरमध्ये टाकणं ही क्रूरता आहे. कार्बन डायऑक्साइडही नवजातांवर भरवशाचा नाही, त्यांना कमी प्राणवायू मोठ्यांपेक्षा बराच जास्त वेळ सोसतो.

फाडते. उरलेली पिल्लं ताबडतोब दाईकडे. मादीवर शिक्का मारण्याआधी पाणी, उष्णता, आवाज, वजन, शेजारच्या टबातला नर, सगळं वहीत लिहा. पहिलं वेत मी माफ करतो. दीड महिना विश्रांती, खाऊपिऊ घालणं, वजन पुन्हा पाहणं, मग दुसरी संधी. सगळं नीट असताना दुसऱ्या वेतालाही तेच केलं तर ती पैदाशीतून बाद. तिच्या मुलीही ठेवायच्या नाहीत, ही अर्धी बाजू लोक विसरतात.

पिल्लं तोंडात धरून सैरावैरा हिंडते. घरटं ओलं, उकाडा, किंवा मुंग्या. कारण काढलं की तासाभरात शांत होते. उकाड्यात पिल्लं पसरून ठेवणं हा तर तिचा शहाणपणा आहे, ती पुन्हा ढिगात गोळा करू नका.

दोघींचा एकच टब. एक मादी दुसरीची पिल्लं पळवते, मोठ्या पिल्लांच्या गर्दीत नवजात उपाशी राहतात. एकाच दिवशी व्यालेल्या मायलेकी किंवा बहिणींचं कधी छान जमतं, पण त्या भरवशावर राहू नका.

चावते. पहिल्या आठवड्यात पिल्लं राखताना अंगावर येणारी मादी वाईट नव्हे, हात न घालता डबा वापरून हलवा. दूध तुटल्यावरही तसंच धावली तर पुढचं वेत घेऊ नका. चावा लागला तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा, ताप आला तर "उंदीर चावला होता" हे सांगायला विसरू नका.

७. दूध तोडणं आणि नर-मादी वेगळं करणं

चौदाव्या-पंधराव्या दिवशी डोळे उघडतात आणि पिल्लं आईच्या खाद्याला तोंड लावू लागतात. बाटलीची नळी आता खाली आणा. दूध तोडायचं एकविसाव्या दिवशी, बारकी पिल्लं आणखी चार-पाच दिवस आईपाशी. सगळी एकदम काढू नका, आईचे सड तटतात. मोठी आधी, लहान नंतर.

मादी ओळखण्याची सोपी वेळ आठवा ते दहावा दिवस : केस दाट होण्याआधी पोटावर सडांचे ठिपके दिसतात. तेव्हाच मोजून लिहून ठेवा. साडेचार आठवड्यांच्या आत नर आणि माद्या वेगळ्या टबांत. "अजून लहान आहेत" म्हणून आठवडाभर थांबलात की सहा आठवड्यांच्या, शंभर-दीडशे ग्रॅमच्या गाभण पोरी हातात येतात. त्या बहुधा पिल्लं खातात, आणि आपण परत पहिल्या प्रश्नावर.

८. वही

दर मादीचं एक पान. नर लावल्याची तारीख आणि त्या दिवशीचं वजन, व्याल्याची तारीख, जन्मलेली पिल्लं, तिसऱ्या दिवशी उरलेली, एकविसाव्या दिवशी उरलेली, दाईकडे दिलेली-घेतलेली. "काय घडलं" असा एक रकाना : वीज गेली, पाहुणे आले, बाटली अडकली.

दोन वेतांमध्ये दूध तुटल्यापासून निदान तीन आठवडे विश्रांती, आणि वजन आधीच्या लावणीच्या वेळी होतं तिथवर परत आलं पाहिजे. पाच-सहा वेतं किंवा वर्ष-सव्वा वर्ष वय, जे आधी येईल तिथे थांबा. शेवटच्या दोन वेतांत पिल्लांची संख्या घसरताना वहीत दिसतेच. चार माद्या ठेवत असाल तर पाचवी, चांगल्या आईची तीन महिन्यांची मुलगी, शेजारच्या टबात तयार होत असू द्या, आणि तिच्या पानावर सगळ्यात वर तिच्या आईचा क्रमांक लिहा.